ओट्यावरचा डाग: वर बसलाय, आत मुरलाय की दगडच भाजलाय?

दिवाळीचा फराळ आटोपला की या सदराकडे ओट्याच्या तक्रारींची रीघ लागते. कढई टेकल्याचे पिवळे डाग, विटलेला काळा दगड, गॅसजवळ गेलेला तडा. या वेळी त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. बहुतेक पत्रांत डागाचं वर्णन अगदी बारकाईने आहे, पण ओटा कशाचा हेच लिहायचं राहून गेलंय. उपाय मात्र सगळा त्यावरच ठरतो. एका दगडावर जे औषध, ते दुसऱ्यावर विष.

ओळखायचं कसं? सिंकखालचं दार उघडा, बॅटरी घ्या आणि दगडाची खालची बाजू व कापलेली कड बघा. वरच्या पॉलिशने फसगत होते, कड खरं सांगते. स्फटिकांचे वेडेवाकडे, निरनिराळ्या आकाराचे दाणे दिसले तर ग्रॅनाइट. एकसारखे बारीक दाणे आणि त्यांना बांधणारं काहीतरी दिसलं तर क्वार्ट्झ. दाणा नाहीच, काचेसारखं पांढरंशुभ्र आणि फुटल्या जागी धारदार असेल तर बाजारात ज्याला नॅनो व्हाइट म्हणतात ते. काळपट राखाडी, थरांचा, कडेला पापुद्रे दिसणारा तो कडप्पा. आणि हात ठेवल्यावर दगडासारखा गार लागत नाही, नखाने नाही पण सुरीच्या टोकाने सहज ओरखडतो, तो अ‍ॅक्रिलिकचा सॉलिड सरफेस, म्हणजे ‘कॉरियन’ या ब्रँडच्या जातीचा.

बाणेरहून एक वाचक: आमचा ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा आहे. चकल्यांचा शेवटचा घाणा काढून कढई उतरवली आणि पाचेक मिनिटं ओट्यावर ठेवली. खाली तळहाताएवढं पिवळसर तपकिरी वर्तुळ उमटलं. साबण, लिंबू, टूथपेस्ट सगळं करून झालं. शेजारच्या काकू म्हणतात, ब्लीच ओतून रात्रभर ठेव. ठेवू का?

उत्तर: ब्लीच अजिबात नको. क्वार्ट्झ हा खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. वजनाने साधारण 90 ते 93 टक्के क्वार्ट्झची खडी आणि भुकटी, आणि बाकीचं त्यांना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन. खडीला कढईने काही होत नाही. भाजतं ते रेझिन. साधारण 150 अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा रंग बदलू लागतो, आणि तळणीचं तेल 170 ते 190 अंशांवर असतं. लोखंडी कढईचा बूड तर आचेवरून उतरवताना तेलापेक्षाही तापलेला. शिवाय जाड बूड उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून ‘पाचच मिनिटं’ हा हिशेब इथे उपयोगी पडत नाही. भाकरीचा तवा तर 200 अंशांच्या वर असतो. कुकरमधली वाफ 120 अंशांच्या आसपास असली तरी नुकत्या उतरवलेल्या कुकरचं बूड त्याहून तापलेलं असतं. ब्लीचमध्ये तीव्र अल्कली असते. ती रात्रभर राहिली तर रेझिनची चकाकी मारते आणि पिवळ्या डागाभोवती एक मंद पांढरट डाग वाढतो.

आधी एक खात्री करून घ्या: भाजलंय की वर काही करपून चिकटलंय? तळणीच्या वेळी कढईच्या बुडाला ओघळलेलं तेल असतं. ते ओट्यावर आटून पिवळ्या लाखेसारखा थर होतो आणि हुबेहूब भाजल्यासारखा दिसतो. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ मसोतं, मग कोरडं पुसा. नंतर कापसाच्या बोळ्यावर औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डागाच्या एका कडेला अर्धा मिनिट धरा. गॅस आणि निरांजन बंद असू द्या, अल्कोहोल पेट घेतं. बोळा पिवळा झाला तर वरचा थर आहे. तो असाच थोडा थोडा करून निघतो. बोळा पांढराच राहिला तर दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून दाटसर लेप करा, दहा मिनिटं ठेवा, मऊ स्पंजाने हलकेच गोल फिरवून पुसून घ्या. हिरवी खरखरीत घासणी वापरू नका. राखाडी रेघा असतील तर त्या बहुधा अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्याने सोडलेला धातू असतो. सोड्याच्या लेपाने त्याही जातात.

एवढं करूनही रंग तसाच राहिला तर रेझिन भाजलेलंच आहे असं धरा. ते पुन्हा पांढरं करणारं रसायन नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. मग तीनच वाटा उरतात.

पहिली, पॉलिश. कारागीर पाणी सोडत 400 नंबरच्या डायमंड पॅडपासून सुरू करून 800, 1500, 3000 असं चढत जातो. भाजणं वरच्याच थरात असेल तर रंग उतरतो. पण कारखान्यातली चकाकी जड यंत्रांच्या सारख्या दाबाखाली आलेली असते, हातातल्या ग्राइंडरने ती हुबेहूब येत नाही. समोरून बघितलं तर काही नाही, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की ठिगळ दिसतं. म्हणून ओट्यावर हात घालण्याआधी त्याला सिंकसाठी कापून काढलेल्या तुकड्यावर करून दाखवायला सांगा. हा तुकडा माळ्यावर जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे. बहुतेक घरांत तो मलब्यात जातो, आणि पाच वर्षांनी त्या लॉटचा रंग बाजारात मिळत नाही.

दुसरी वाट डाग गॅसच्या हॉबला लागून असेल तर: आहे त्या 60 सेंटिमीटरच्या हॉबऐवजी 75 किंवा 90 चा हॉब, म्हणजे डागाचा भाग कापण्यातच निघून जातो. मात्र कापल्यावर पुढच्या बाजूला किमान 50 मिलिमीटर रुंद दगड उरला पाहिजे, नाहीतर डाग जाऊन तडा येईल. तिसरी वाट, तेवढा चौकोन काढून त्याच जपलेल्या तुकड्याचं किंवा काळ्या ग्रॅनाइटचं ठिगळ मुद्दाम दिसेल असं बसवणं. चांगलं केलं तर गरम भांडं ठेवायची ती हक्काची जागा होते. हमीपत्र काढून वाचा, पण उष्णतेचं नुकसान त्यात बहुधा वगळलेलं असतं.

आणखी एक, आणि हे कळकळीने. क्वार्ट्झ कोरडा घासू देऊ नका. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून इंजिनिअर्ड स्टोनवर, म्हणजे अशा कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झवर, बंदी घातली ती याच कारणाने. कारागीर ‘पाण्याने घाण होते ताई, कोरडंच घासतो’ म्हणाला तर त्याला थांबवा. पाणी पुसता येतं. त्या पोराच्या छातीतली धूळ निघत नाही.

सदाशिव पेठेतून एक वाचक: जुन्या घरातला कडप्प्याचा ओटा आहे. गॅसच्या भोवती आणि पोळपाटाच्या जागी पांढरट, खरखरीत चट्टे पडलेत. ग्रॅनाइटवाला म्हणतो, उष्णतेने दगडाचा चुना झाला, बदलूनच टाका. खरं का?

उत्तर: नाही. कडप्पा हा चुनखडक आहे हे खरं, आपली शहाबादी फरशीही त्याच कुळातली. पण चुनखडकाचा चुना भट्टीत 800 अंशांच्या वर होतो, ओट्यावर नव्हे. तुमचे चट्टे आंबटाने पडलेत. लिंबू, कोकम, चिंचेचा कोळ, टोमॅटो, ताक: अ‍ॅसिड चुनखडकाला खातं आणि खाल्लेली जागा पांढरट, खरखरीत होते. गॅसभोवती जास्त दिसतं कारण आमटी उतू जाते ती तिथेच, आणि तापलेल्या दगडावर अ‍ॅसिडचं काम भराभर होतं. चट्ट्यावर पाणी टाकून बघा. ओला असताना काळा दिसून वाळल्यावर पुन्हा पांढरा पडला, तर दगड शाबूत आहे, फक्त वरचं पॉलिश गेलंय. हे घरी होण्यासारखं काम आहे, आणि आठ फुटी ओट्याला एक रविवार पुरतो.

रेग्युलेटर बंद करा, शेगडी उचलून बाहेर ठेवा. धुण्याचा सोडा एक मोठा चमचा एक लिटर गरम पाण्यात घालून हातमोजे घालून सगळा तेलकटपणा काढा. हे टाळलंत तर पेपर दोन मिनिटांत बुजतो. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा: 120, 220, 400 आणि 600 नंबरचे प्रत्येकी तीन-चार. पुण्यात बोहरी आळीत सगळे नंबर एका जागी मिळतात. पेपर हातात धरून घासू नका. बोटांच्या दाबाने दगडात वळ पडतात. साबणाच्या वडीएवढा सपाट लाकडी ठोकळा घ्या, त्याला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवा आणि पेपर त्यावर गुंडाळा.

120 ने पाणी शिंपडत उभं घासायचं. चट्ट्यापुरतं थांबू नका, चहूबाजूंनी वीतभर पुढे जा, नाहीतर तिथे खळगा होतो आणि पाणी साचायला लागतं. दाट काळा लगदा निघेल, तोच वंगणाचं काम करतो. सगळीकडून सारखा मंद काळा रंग आला की स्वच्छ धुऊन काढा. इथे कंटाळा नको: 120 चा एक कण जरी मागे राहिला तरी 400 ने घासताना तो लांब ओरखडा पाडतो आणि पुन्हा मागे जावं लागतं. मग 220 ने आडवं, 400 ने उभं, 600 ने आडवं. दिशा बदलत गेलं की आधीच्या नंबरच्या रेघा निघाल्या की नाही ते लगेच कळतं. 600 च्या शेवटी तळहात फिरवा, साटीनच्या कापडासारखा लागला पाहिजे. आरशासारखी चकाकी हवी असेल तर पुढे ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पावडरीने मशीन-पॉलिश करतात. पण रोज स्वयंपाक होणाऱ्या ओट्याला ती चकाकी देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्याच लिंबाने ती जाते. मंद पॉलिशवर डाग दिसतही नाही आणि काढायलाही सोपा.

एक दिवस पूर्ण वाळू द्या. मग औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, पोह्याचे दोन-तीन चमचे, सुती कापडाने सगळीकडे चोळा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्या. दगड पुन्हा गर्द काळा होतो. महिन्याने पुन्हा एक हात द्या. खोबरेल किंवा गोडं तेल लावायची जुनी सवय आहे, पण ते खवट होतं, चिकटतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल चांगलं वाळतं, मात्र त्या तेलाचं चुरगाळलेलं फडकं आपोआप तापून पेटू शकतं. वापरलं तर फडकं मोकळ्या हवेत पसरून वाळवा आणि मगच टाका.

कुठे पापुद्रा सुटला असेल तर घासायच्या आधी तो भाग कोरडा करून काळा रंग मिसळलेल्या एपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायचा गोंद) भरा आणि 24 तास थांबा. सुटलेला पापुद्रा सुरीने उचकटू नका, खालचा थरही सोबत येतो.

वाघोलीहून एक वाचक: जेट ब्लॅक ग्रॅनाइट आहे. सिंकजवळ पांढरट पापुद्रा आणि शेगडीजवळ राखाडी पडलेली जागा, दोन्ही घासून जात नाही. गरम भांड्यांनी झालं का?

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत. सिंकजवळचे बहुधा क्षार. तुमच्या भागात बोअरवेल आणि टँकरचं पाणी वापरात असतं, ते जड. थेंब वाळले की क्षार मागे राहतात. आधी एका लपलेल्या कोपऱ्यात लिंबाचे चार थेंब दहा मिनिटं ठेवून पुसा. दगड तिथे निस्तेज पडला तर तो खरा ग्रॅनाइट नाही किंवा त्यात चुनखडीचा अंश आहे, मग कुठलंही आंबट वापरू नका. काही झालं नाही तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, कापड भिजवून पाच मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, भरपूर पाण्याने धुवा. जाड थर दोन-तीन वेळा करून निघतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि गंज काढायची औषधं ओट्याजवळही आणू नका. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते ग्रॅनाइटलाही खातं आणि हातालाही.

शेगडीजवळच्या जागेसाठी पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन घेऊन एका कोपऱ्यात घासा. कापूस काळा झाला तर दगड मुळात राखाडी आहे आणि त्याला रंग चढवून काळा म्हणून विकलाय. असा रंग उष्णतेने आणि साबणाने विटतो. तुमची भांडी निर्दोष. यावर ग्रॅनाइटवाल्याकडून काळा कलर-एन्हान्सर सीलर, म्हणजे रंग गडद करणारा लेप, मारून घेता येतो, पण तो काही महिन्यांनी पुन्हा मारावा लागतो. नवा दगड घेताना हीच अ‍ॅसिटोनची परीक्षा दुकानातच, पैसे देण्याआधी करा.

कोथरूडहून एक वाचक: पांढऱ्या संगमरवरावर हळदीचा डाग. साबणाने घासला तर लाल झाला!

उत्तर: घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, कुंकू त्याच गुणावर बनतं. पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळी होईल. संगमरवर सच्छिद्र, म्हणून डाग आत मुरलाय आणि तो घासून नव्हे, शोषून काढायचा. खाण्याचा सोडा तीन मोठे चमचे, त्यात 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालत श्रीखंडाएवढा दाट लेप करा. डागावर अर्ध्या बोटाच्या जाडीने थापा, वरून प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. 24 तासांनी प्लास्टिक काढा, पण लेप उघड्यावर पूर्ण वाळून तडकू द्या. डाग लेपात ओढला जातो तो वाळतानाच. ओलाच पुसला तर निम्मं काम वाया. दोन वेळा लागू शकतो. काळ्या दगडावर हा लेप वापरू नका, रंग उतरू शकतो. खिडकीजवळचा ओटा असेल तर उरलेली पिवळी झाक उन्हानेही जाते, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

हडपसरहून एक वाचक: भाड्याच्या घरात सनमायकाचा ओटा, इस्त्रीने भाजलाय.

उत्तर: सनमायका दुरुस्त होत नाही. वरचा नक्षीचा कागदच जळलेला असतो, घासलं की खालचा तपकिरी थर दिसतो. फुगलं नसेल तर डाग झाकेल अशी स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी कडा मोडून सिलिकॉनने चिकटवा. फुगलं असेल तर पाणी आत जाऊन प्लाय कुजायच्या आत मालकांशी बोला.

औंधहून एक वाचक: नॅनो व्हाइटचा ओटा. हॉबच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेपर्यंत केसासारखा तडा गेलाय. मिस्त्रीने व्हाइट सिमेंट भरलं होतं, महिन्याभरात काळं पडून निघालं.

उत्तर: व्हाइट सिमेंट इतक्या बारीक फटीत शिरतच नाही, वर बसतं आणि तेल पितं. भरण्याआधी तडा का गेला ते बघा, नाहीतर शेजारी दुसरा येईल. बहुतेक वेळा हॉबसाठी कापताना कोपरा काटकोनात ठेवलेला असतो. सगळा ताण त्या टोकावर येतो. कोपरा गोलसर, पाचेक मिलिमीटर त्रिज्येचा तरी हवा. दुसरं कारण, हॉबपेक्षा मोठी कढई: ज्योत बुडावरून बाहेर वळते आणि पुढची अरुंद पट्टी तापवते, शेजारचा दगड थंड राहतो. काचेच्या जातीच्या पदार्थाला हा फरक सोसत नाही. तिसरं, पट्टीखाली आधारच नसणं. ट्रॉली काढून खालून हात फिरवा.

आधी आधार द्या: पट्टीच्या खालच्या बाजूला स्टीलची पट्टी किंवा एल-अँगल एपॉक्सीने चिकटवून 24 तास टेकू लावून ठेवा. मग वरून फट अ‍ॅसिटोनने स्वच्छ करा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. अराल्डाइटचे (हेही एपॉक्सीच) दोन भाग पाकिटावरच्या प्रमाणात कालवा. अंदाजपंचे घातलं तर ते चिकटच राहतं. त्यात किंचित पांढरा रंग मिसळा, बंद ट्यूब आधी कोमट पाण्यात ठेवली की मिश्रण पातळ होऊन खोल उतरतं. पृष्ठभागापेक्षा जरासं उंच भरा. मिश्रण घट्ट होण्याआधी, तासाभरात टेप काढा. दुसऱ्या दिवशी नव्या ब्लेडने, ब्लेड जवळजवळ आडवं धरून, उंचवटा तासून टाका.

रेघ दिसेल. पाणी आणि तेल मात्र आत जाणार नाही. साधं एपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून त्या जागी गरम भांडं पुन्हा टेकवू नका. शेगडीशेजारी कायमची एक अडणी ठेवा, लाकडी किंवा लोखंडी, पण पाय असलेली. सपाट सिलिकॉनचा तुकडा किंवा दुमडलेलं फडकं पोळ्यांच्या डब्याला ठीक, तळणीच्या कढईची उष्णता ते अडवत नाही, फक्त उशिरा पोहोचवतं. आणि मोठ्या कढईतलं तळण या हॉबवर न करता त्यासाठी वेगळी शेगडी घ्या.